दुसऱ्या कोठडीची पानं

“दुसऱ्या कोठडीतल्याला फाशीच,” मी म्हणाले. “त्यात विचार काय करायचाय?”

वडापच्या जीपमध्ये माझ्यासमोर बसलेल्या बाईंनी मांडीवरची मेथीची पिशवी आवळून धरली आणि त्या जरा सरकून बसल्या. निलोफर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “हळू बोल गं. त्यांना वाटतंय आपण खरंच कुणालातरी लटकवायला चाललोय.”

“चाललोयच.”

“आणि पहिल्या कोठडीतला? तो भाजी विचारणारा?”

“त्याला जन्मठेप. स्वभावानं बरा आहे तो.”

“वा जजसाहेब.”

पुढं ड्रायव्हरशेजारी कुरणे बाई बसल्या होत्या. मागं न वळताच म्हणाल्या, “ओवी, घसा जपून ठेव. अकराला लागणार आहे.”

हे मी आठवीत असतानाचं. आता दहावीत आहे आणि शाळेत माझा आवाज बंद कसा करायचा हा सगळ्यांचा प्रश्न आहे. पण सातवीपर्यंत मी वर्गात तोंडच उघडत नव्हते. हजेरीला ‘हजर’ म्हणायचं तरी हाताला घाम फुटायचा. माझी हजेरी निलोफर द्यायची. एकदा ती आजारी पडली तर आम्हा दोघींचीही गैरहजेरी लागली, आणि मी समोर बसलेली.

मग कुरणे बाईंनी वाचनमंडळ काढलं आणि त्यातून ‘पहिली भेट’ नावाची स्पर्धा आली. तिचा नियम मोठा गमतीचा होता. कादंबरीचा पहिला एक तृतीयांश भागच वाचायचा, तिथं थांबायचं आणि त्यातल्या माणसांना पहिल्यांदा भेटून काय वाटलं ते सात मिनिटांत बोलायचं. पुढचं कुणी चोरून वाचू नये म्हणून बाई उरलेली पानं पांढऱ्या दोऱ्यानं बांधून द्यायच्या आणि गाठीवर डिंकाचा थेंब सोडायच्या. दोरा तुटला की तुम्ही बाद.

माझ्या वाट्याला आलेल्या पुस्तकाचं कव्हर नव्हतं, नावाचं पान नव्हतं. निळा पुठ्ठा, लाल कापडाची पाठ. फाशीची शिक्षा झालेली पाच माणसं, पाच कोठड्या. लेखकानं कुणालाच नाव दिलं नव्हतं, सगळे नुसते ‘तो’. धड्यासारखं वर लिहिलेलं, पहिली कोठडी, दुसरी कोठडी. बाईंनी ही कादंबरी कॉलेजात असताना वाचलेली. “आता काही म्हणून आठवत नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “शेवटी खूप रडले होते एवढंच आठवतंय.”

पहिल्या कोठडीतला आडदांड गडी रोज सकाळी पहारेकऱ्याला विचारायचा, आज तुझ्या घरी भाजी कसली? आणि उत्तर ऐकून जेवल्यासारखा तृप्त व्हायचा. तिसरा भिंतीकडं तोंड करून बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. पण माझा जीव जडला दुसऱ्यावर. हा दुसरा पूर्वी गावात शिकवायचा, त्याला पहारेकरीसुद्धा ‘गुरुजी’ म्हणायचे. एका पहारेकऱ्याच्या मुलाला तो गजांतून हात बाहेर काढून वहीत पाढे घालून द्यायचा. पोरगं साताच्या पाढ्याला दरवेळी अडायचं. गुरुजी रागवायचे नाहीत. परत लिहून द्यायचे, परत, परत. मी मनात म्हटलं, असा मास्तर मला पहिलीत मिळाला असता तर मी तेव्हाच बोलायला लागले असते.

मग त्याच्या गुन्ह्याची सकाळ आली. ‘पहाटे तो उठला. विहिरीवर गेला, हातपाय धुतले, सदरा झटकून अंगात घातला आणि’, इथं पान संपलं. मी पान उलटलं. ‘कोयता पायरीवर ठेवला. आत तिघं पडली होती. सगळ्यात धाकटं चार वर्षांचं.’

मी पुस्तक पलंगावरून खाली फेकलं. आई धावत आली, तिला वाटलं पाल पडली.

त्या रागात मी एका बैठकीत भाषण लिहून काढलं. मला फसवलं होतं त्यानं. पाढे लिहिणाऱ्या त्याच हातानं त्यानं ते केलं होतं. पुढं चौथी कोठडी तिसरीच्या आधीच आली, तेव्हा मी बाईंना विचारलं, असं कसं? बाई म्हणाल्या, “करतात काही लेखक असले प्रयोग.” मी लगेच भाषणात वाक्य घातलं, ‘लेखकाने काळाची मोडतोड केली आहे.’ तालुक्याच्या परीक्षकांनी त्या वाक्यापाशी मान डोलावली आणि मी पहिली आले. पानांचे आकडे बघावेत तर तेही नव्हते. कधीतरी पुस्तक परत बांधताना कडा कापल्या होत्या, त्यात खालचे आकडे गेले होते. कुठंकुठं आकड्याचं नुसतं डोकं उरलेलं. पण खरं सांगायचं तर आकडे असते तरी मी बघितले नसते. पहिला नंबर आल्यावर आकडे कोण बघतं?

जिल्ह्याची फेरी वाचन सप्ताहात खुल्या कारागृहात होती. ज्यांची शिक्षा संपत आली आहे आणि वागणूक चांगली आहे असे कैदी तिथं राहतात, शेती करतात. तिथला पहिला नंबर राज्याच्या फेरीला पुण्याला जाणार होता. मला पुण्याचं एवढं नव्हतं. मला आतून वाटत होतं, की इथं हरले तर सोमवारी वर्गात मी पुन्हा ती हजेरी न देणारी ओवी झालेली असेन.

“भिंतच नाही गं,” उतरल्यावर निलोफर म्हणाली. फाटक, दुतर्फा शेवग्याची झाडं, पुढं कांद्याचं हिरवं शेत. “आणि पट्ट्यापट्ट्यांचे कपडे कुठायत?”

“असतील आत.”

व्हरांड्यात रांजणापाशी एक म्हातारे गृहस्थ तांब्या-पेला घेऊन उभे होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं कानाला अडकवलेली. इथले शिपाई असावेत. त्यांनी बाईंना आधी पाणी दिलं, मग आम्हाला. पेला देण्याआधी आतून विसळून पाणी फेकलं, पुसला, मग भरला. मला ते फार आवडलं.

“बोलायला आलात का ताई?”

“हो काका. मी बोलणार, ही टाळ्या वाजवणार.”

“पैसे घेते मी टाळ्यांचे,” निलोफर म्हणाली.

ते हसले. मग त्यांचं लक्ष माझ्या काखेतल्या पुस्तकाकडं गेलं. “बघू जरा?” हात विजारीला पुसून त्यांनी पुस्तक घेतलं, उघडलं नाही, लाल पाठीवरून नुसता अंगठा फिरवला, एखाद्या वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा. “हे आमच्याकडंच बांधलंय. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं येतात इथं. कोठड्यांचं ना हे?”

“तुम्ही वाचलंय?”

“बांधायचं म्हणजे वाचणं होतंच. गुरुजी कसा वाटला तुम्हाला?”

“भयंकर,” मी म्हणाले.

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं. “भयंकर?”

“आता सांगत नाही काका, आत येऊन ऐका. हादरून जाल.”

“बरं,” ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, “बरं.”

निलोफरला कुणाची चौकशी केल्याशिवाय पाणी पचत नाही. तिनं विचारलं, “किती वर्षं झाली काका तुम्हाला इथं?”

“झाली बरीच. आता बाराच दिवस राहिले. अठ्ठावीस तारखेला मोकळा.”

“रिटायर?”

“तसंच म्हण की.” ते पुन्हा हसले, या वेळी सगळ्या चेहऱ्यानं. “त्याच दिवशी नातीचं बारसं धरलंय. दोन महिन्यांची झाली पोर, अजून बिननावाची आहे. आजोबा आल्याशिवाय नाव नाही म्हणून बसलेत सगळे. जावई मिलिटरीत, त्याची रजा एकोणतीसला संपते. म्हणून अठ्ठावीसच.”

“नाव काय ठेवणार?”

“ते तिच्या कानात आधी सांगायचं असतं, ताई. तुझ्या नाही.”

हॉल म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड होती. पुढं खुर्च्यांवर तीन परीक्षक, बाजूला कारागृहाचे अधीक्षक साहेब, मागं आम्ही शाळांची मुलं. आणि मधल्या सतरंज्यांवर कैदी. साठेक असतील. सगळे पांढऱ्या सदऱ्यात, पांढऱ्या विजारीत.

“ओवी,” निलोफरनं माझं मनगट धरलं. “तिसरी रांग. चष्मा.”

काका सतरंजीवर मांडी घालून बसले होते. शेजारच्याला काहीतरी सांगत होते. मी आधी म्हटलं, जागा नसेल म्हणून बसले असतील. मग म्हटलं, लक्ष ठेवायला बसले असतील. त्यांच्या आसपास बसलेल्या सगळ्यांचे कपडे तेच होते, हे मला दिसत होतं आणि तरी कळत नव्हतं. त्यांच्या हातचं मी दोन पेले पाणी प्यायले होते.

“कुमारी ओवी माळवदे,” नाव पुकारलं.

मी गेले. पहिलं वाक्य पाठ होतं, ते आपोआप आलं, आणि आवाज निघाल्यावर मीही त्याच्यामागून निघाले. भाजी विचारणाऱ्यावर सतरंज्यांवरून हशा आला. एक कैदी मोठ्यांदा म्हणाला, “आज वांगं आहे,” आणि साहेबसुद्धा हसले. मला पंखच फुटले. चौथ्या कोठडीतल्यासाठी मी दया मागितली: हा माणूस शाळेचं दार उघडताना पोलिसांना सापडतो, लहान मुलांसमोर त्याच्या हातात बेड्या पडतात, खिशात नुसते दोन खडू निघतात. खडू कशाला, ते लेखक पुढं सांगेलच; पण मला तो पहिल्या भेटीत निर्दोष वाटला, त्याला सोडून द्या. मग आवाज खाली आणून मी दुसऱ्या कोठडीपाशी आले. पाढे आले, विहीर आली. ‘हातपाय धुतले, सदरा झटकला’ म्हणून मी मोजून दोन सेकंद थांबले. आणि कोयता.

पुढच्या सतरंजीवरचा एकजण खाली बघायला लागला.

“ज्याला बघून बरं वाटतं, त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघा,” मी म्हणाले. “चार वर्षांच्या लेकराला न सोडणाऱ्या ह्या गुरुजीला माझ्याकडे दया नाही. त्याला फाशी व्हावी आणि त्याच्यासाठी कुणी रडू नये.”

टाळ्या मागच्या मुलांच्या पडल्या. सतरंज्यांवरून फारशा नाही. मला वाटलं, हादरले. मी खाली उतरायला वळले.

“ताई.”

काका उभे होते. हात जोडलेले नव्हते, नुसते खाली सोडलेले.

कडेचा शिपाई म्हणाला, “ए रंगनाथ, खाली बस.”

“साहेब, दोन मिनिटं द्या. पुस्तकात चूक आहे.”

“कार्यक्रम झाल्यावर सांग,” अधीक्षक म्हणाले.

“झाल्यावर ही सगळी उठून जातील, साहेब. ह्यांना वाटत राहील गुरुजीनं केलं.” ते माझ्याकडं वळले. “ताई, ते कोयत्याचं पान गुरुजीचं नाही. ते तिसऱ्या कोठडीतल्याचं आहे, तो बोलत नाही त्याचं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गड्ड्यांत शिवतात, फर्मा म्हणतात त्याला. दोन फर्मे मागंपुढं झालेत. गुरुजीनं हातपाय धुतले आणि त्याला दुसऱ्याचं रक्त जोडलं गेलं. खरा गुरुजी हातपाय धुऊन शाळेत गेला. कुलूप काढताना धरला त्याला.”

माझ्या तोंडून फक्त एक शब्द आला. “खडू.”

“हां. खडू त्याचेच. ती पानं चौथ्याला जाऊन चिकटली.”

चौथ्यासाठी मी दया मागितली होती ती गुरुजीलाच होती, आणि फाशी मागितली तीही गुरुजीलाच. चौथी कोठडी तिसरीच्या आधी आली ती लेखकानं आणली नव्हती. काळाची मोडतोड. मान डोलावणारे परीक्षक. सगळं एकदम.

“हे पुस्तक बांधलं कुणी?” परीक्षकांतल्या बाईंनी सहज विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

“मी,” काका म्हणाले.

अधीक्षक खुर्चीतून उठले. रागावलेले दिसत नव्हते. एखाद्यानं उघड्या विहिरीच्या काठावर उभं राहावं आणि आपण त्याला हळूच मागं बोलवावं, तसं ते बोलले. “रंगनाथ, तू काय बोलतोयस ते तुला कळतंय ना? एवढ्या लोकांसमोर काम बिघडवल्याचं कबूल केलंस तर मला ते लिहावं लागेल. शिक्षेत मिळालेले माफीचे दिवस कापले जातात त्यात. बारा दिवसांवर आलायस तू.”

“कळतंय साहेब.”

“मग नीट आठव. चूक छपाईची असेल.”

“छपाई चोख आहे. त्या आठवड्यात मुलीचं पत्र आलं होतं, दिवस गेल्याचं. हात शिवत होते, ध्यान नव्हतं.”

एवढं बोलून त्यांनी जणू स्वतःच्याच नावावर पावती फाडली. बारसं अठ्ठावीसला होतं. जावयाची रजा एकोणतीसला संपत होती. हे त्या शेडमध्ये सतरंजीवरच्या काहींना, निलोफरला आणि मला माहीत होतं.

अधीक्षक माझ्याकडं आले. “बघू बाळ, पुस्तक.”

पुस्तक माझ्या छातीशी होतं. मी ते दिलं नाही.

“साहेब, पुस्तक बरोबर आहे,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला, सातवीतला, हजेरीचा. “मी घाईत पानं सोडून वाचली. चौथं आधी वाचलं. तालुक्याला कुणाला कळलं नाही म्हणून तसंच बोलत गेले. चूक माझी आहे.”

निलोफर मागून म्हणाली, “हो सर, ही अशीच वाचते.”

कुरणे बाई उठून माझ्याजवळ आल्या. परीक्षेत पट्टी मागितली तरी कॉपी समजणाऱ्या ह्या बाई. त्यांनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, मध्येच उघडलं, त्या दोन पानांवर बोट ठेवलं. पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, “बांधणी व्यवस्थित आहे, साहेब. मुलीचीच चूक आहे. आम्ही नाव मागे घेतो.”

अधीक्षकांनी मोठा श्वास सोडला. “झालं तर मग. रंगनाथ, बस खाली.”

काका बसले नाहीत.

“पोरी,” ते म्हणाले. ताई नाही, पोरी. “एकाचं दुसऱ्याच्या नावावर गेलं म्हणून तर उभा राहिलो मी. आता माझं तुझ्या नावावर घालून खाली बसू?”

“काका, बारसं,” मी म्हणाले.

त्यांनी चष्म्याचा दोरा कानामागं सारला. ओठ दोनदा हलले. मग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “तसल्या कोठडीत मी चार वर्षं काढली आहेत. ह्या पुस्तकातल्या नाही, खऱ्या. फाशीची जन्मठेप झाली माझी. माझं मी केलं होतं. कधी कुणाला नाही म्हटलं नाही. दोन माणसं होती, नावं मला रोज आठवतात. पण ह्यानं नव्हतं केलं.” त्यांनी बाईंच्या हातातल्या पुस्तकाकडं बोट केलं. “साहेब, लिहा तुम्ही. आणि पुस्तक इथं ठेवून जा म्हणावं. नीट करून देतो.”

मग ते बसले. शेजारच्या कैद्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मी खाली कशी आले ते आठवत नाही. पुण्याला दुसऱ्या शाळेचा मुलगा गेला. परतताना जीपमध्ये माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. पेला विसळून देणारा तो हात. दोन माणसं. बरं वाटतं त्याच्याकडं दुसऱ्यांदा बघा असं मीच सांगितलं होतं, आणि आता दुसऱ्यांदा बघितल्यावर काय दिसलं ते मला सांगता येत नव्हतं.

फाट्यावर उतरल्यावर मी बाईंना म्हटलं, “तुम्ही खोटं बोललात.”

“हो.”

“माझ्यासाठी?”

बाईंनी पदर खोचला. “कुणासाठी ते मला अजून कळलेलं नाही,” म्हणाल्या. “चल, साडेपाचची एसटी जाईल.”

सोमवारी हजेरीला मी माझी मी ‘हजर’ म्हटलं. निलोफरनं सवयीनं माझ्याबरोबर म्हटलं, तर दोन आवाज आले. सर म्हणाले, “एकीनं बोला.” मीच बोलले.

पुढच्या आठवड्यात बाईंना ग्रंथालयातून कळलं, की रंगनाथ इंगवल्यांची पंधरा दिवसांची माफी कापली गेली.

पुस्तक शाळेच्या पत्त्यावर डिसेंबरच्या सुरुवातीला आलं. खाकी कागदात, सुतळीचे दोन वेढे, कोपरे चोख. कारागृहाच्या चिठ्ठीवर काम पूर्ण झाल्याची तारीख होती, अठ्ठावीस नोव्हेंबर. मी ती चिठ्ठी हातात घेऊन बराच वेळ स्टाफरूमच्या दारात उभी राहिले.

लाल पाठ तीच होती. आतले फर्मे उसवून पुन्हा शिवले होते. तिसरी कोठडी तिसऱ्या जागी, चौथी चौथ्या. आणि प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात निळ्या शाईनं हातानं आकडा घातला होता. एक, दोन, तीन, असा तीनशे बारापर्यंत. एकही खाडाखोड नाही. जिथं माझा एक तृतीयांश संपत होता, तिथून पुढची पानं पांढऱ्या दोऱ्यानं पुन्हा बांधलेली होती, गाठीवर डिंकाचा थेंब. माझी स्पर्धा संपली होती हे त्यांना माहीत होतं, तरी.

बाईंनी टेबलावरची कात्री माझ्यापुढं सरकवली. “आता वाच. नियम संपला.”

मी ते तीन दिवसांत वाचलं. जेवताना वाचलं, मधल्या सुट्टीत वाचलं. मला पक्की खात्री होती की आता गुरुजी सुटणार. कुणीतरी उभं राहील आणि सांगेल, पानं चुकली आहेत. दोनशे शहाण्णवाव्या पानावर संध्याकाळी पहारेकऱ्याचा मुलगा वही घेऊन येतो आणि साताचा पाढा न अडखळता म्हणून दाखवतो. गुरुजी वहीवर सही करतात. दोनशे सत्त्याण्णववर पहाट होते. गुरुजी हातपाय धुतात, सदरा झटकून अंगात घालतात. दोनशे अठ्ठ्याण्णववर त्यांना फाशी देतात.

मी पुस्तक घेऊन बाईंकडं गेले. त्या वह्या तपासत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी पेन ठेवलं.

“ह्याच्यासाठी रडला होतात तुम्ही.”

“हो,” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी शेडमध्ये ते उभे राहिले तेव्हा आठवलं.”

“पण बाई, शेवटी त्याला फाशी होतेच.”

“होते.”

“काकांना हे माहीत होतं? उभे राहिले तेव्हा?”

बाईंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, दोनशे अठ्ठ्याण्णववं पान काढलं आणि निळ्या आकड्यावर बोट ठेवलं.

“अगं, दोनदा शिवलंय त्यांनी हे पुस्तक,” त्या म्हणाल्या.